काटा खरा, वाट खोटी

धान्याच्या व्यापाऱ्याचे निम्मे आयुष्य काट्यासमोर जाते. भाव ठरतो तो बोलीने. परंतु शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम ठरते ती तोलाने. म्हणून ज्या पेढीचा काटा खोटा तिचे सारेच खोटे, असे आमचे वडील म्हणत असत. कमी-अधिक मापे बाळगणे हा अचौर्यव्रताचा अतिचार आहे, असा स्पष्ट निर्देश तत्त्वार्थसूत्रात आहे आणि तो आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तथापि मापात पाप न करण्याचा निश्चय असूनही आणि काट्याला सरकारी मोहोर असूनही आपल्या हातून चुकीचे वजन कागदावर उतरू शकते, ही गोष्ट मला वयाची साठी गाठताना कळली. ती कशी कळली, तिचे कारण काय निघाले आणि तिच्यावर उपाय कोणता, हे सभासद बंधुभगिनींसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विद्युतशास्त्राच्या गहन परिभाषेत न शिरता, जे मला जाणकारांनी समजावून दिले व जे मी स्वतः पडताळून पाहिले, तेच सांगतो.

शेरापासून संगणकापर्यंत

आमच्या आजोबांच्या काळी गावोगावचा शेर निराळा असे. १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशाच्या निवडक भागांत दशमान वजने सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत शेर-मण कायद्याने निवृत्त झाले. बोलण्यात मात्र मण बराच काळ राहिला. ३७ किलो ३२४ ग्रॅमचा तो बंगाली मण मुनीमजींना तोंडपाठ असे. दांडीच्या तराजूमागून लोखंडी वजनकाटा आला आणि त्यामागून अंक उजळणारा इलेक्ट्रॉनिक काटा आला. २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. आपल्या काट्यांची तपासणी व मोहोर आज त्याच कायद्याखाली होते.

यापुढची पायरी काटा संगणकाला जोडण्याची. आमच्याकडे ती काही वर्षांपूर्वी झाली. लिलाव चिमनगंज मंडीत होतो. त्यानंतर शेतकऱ्याची ट्रॉली आमच्या गोदामावर येते आणि तेथे तुलावटी माल तोलतो. पूर्वी तुलावटी काट्यावरचा आकडा मोठ्याने उच्चारी, मुनीमजी तो लिहून घेत आणि शेवटी बेरीज करीत. धाकट्या पुतण्याने सुचविले की, काट्यापासून कचेरीतील संगणकापर्यंत तार टाकावी. आकडा आपोआप उमटेल, पावती छापून निघेल आणि ऐकण्या-लिहिण्यातली चूक राहणार नाही. सूचना रास्त होती. पंचवीस मीटर तार टाकली गेली आणि काम सुरू झाले. जुन्या रिवाजाचा मान म्हणून तुलावट्याची वही मात्र आम्ही बंद केली नाही. त्या वहीनेच पुढे अब्रू राखली.

आठ किलोंचा प्रश्न

चार वर्षांपूर्वी, गव्हाची आवक ऐन जोरात असताना, एक शेतकरी पावती घेऊन कचेरीत आला. दर तोलाचा आकडा ट्रॉलीच्या फळीवर खडूने मांडण्याची त्याची सवय होती. एका तोलाला काट्यावर ९८.६ किलो दिसले होते. फळीवरही तेच होते. पावतीवर मात्र ९०.६ छापलेले होते. "सेठजी, आठ किलो कुठे गेले?" एवढेच तो म्हणाला. त्याने आवाज चढविला नाही. परंतु त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी आपापल्या पावत्या खिशातून बाहेर काढल्या, ते मला अधिक लागले.

तुलावट्याची वही मागविली. तिच्यात ९८.६ होते. फरकाची रक्कम तेथल्या तेथे दिली, क्षमा मागितली आणि त्या रात्री पावत्यांच्या प्रती व वही समोरासमोर मांडून बसलो. मागील एकवीस दिवसांतील अकरा तोल जुळेनात. चार ठिकाणी पावतीचा आकडा अधिक होता. ते आमचे नुकसान. सात ठिकाणी तो कमी होता. म्हणजे सात जणांचे धान्य दाम न देता आमच्या गोदामात येऊन पडले होते. पहिल्याची भरपाई झालीच होती. उरलेल्या सहांपैकी पाच जणांना त्याच आठवड्यात रक्कम पोहोचविली. सहावे गृहस्थ मुलाकडे परगावी गेले होते. त्यांचे पाकीट दिवाळीपर्यंत आमच्या तिजोरीत राहिले.

आता कारण शोधणे आले. काटा बसविणाऱ्याने प्रमाणित वजने ठेवून पाहिली. काटा अचूक निघाला. संगणक पाहणाऱ्याने संगणक तपासला. तोही निर्दोष निघाला. दोघेही खरे, आणि पावती खोटी! अखेरीस येथील एका कापड गिरणीच्या विद्युत विभागात आयुष्य घालविलेल्या एका वृद्ध मिस्त्रीजींना विनंती केली. त्यांनी काट्याकडे पाहिलेही नाही. "चूक होते तेव्हा आवारात काय चालू असते?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पावत्यांवरील वेळा पाहिल्या. अकराही तोल धान्य चाळण्याचे यंत्र सुरू होण्याच्या सुमाराचे होते. मिस्त्रीजी म्हणाले, "काटा खरा, संगणक खरा. मधली वाट खोटी आहे."

काट्याचा क्षीण आवाज

काटा वजन कसा ओळखतो, ते प्रथम पाहू. पाटाखाली लोड सेल नावाचा धातूचा ठोकळा असतो व त्यावर धातूच्या अतिशय पातळ जाळ्या घट्ट चिकटविलेल्या असतात. वजन पडले की ठोकळा डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो, जाळ्या ताणल्या वा दाबल्या जातात आणि त्यांचा विद्युतविरोध किंचित बदलतो. हा बदल ओळखण्यासाठी चार जाळ्यांची जी चौकट करतात तिला व्हीटस्टन सेतू म्हणतात. तिची मूळ कल्पना इंग्लंडातील सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ साली मांडली व १८४३ साली व्हीटस्टन यांनी ती प्रसिद्धीस आणली. चिकटविण्याजोगी जाळी १९३८ साली अमेरिकेत सिमन्स व रूज या दोघांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. आज चिमटीभर केशराच्या काट्यापासून मालमोटार तोलणाऱ्या धर्मकाट्यापर्यंत, ज्याला महाराष्ट्रात भुईकाटा म्हणतात, पुष्कळशा काट्यांच्या पोटात हीच युक्ती असते.

अशा लोड सेलला १० व्होल्ट पुरविले तर पूर्ण भाराला ती साधारणपणे अवघे २० मिलिव्होल्ट परत देते. ३०० किलोचा व १०० ग्रॅमपर्यंत दाखविणारा काटा या २० मिलिव्होल्टचे ३,००० भाग पाडतो. एक भाग सुमारे ६.७ मायक्रोव्होल्टचा, म्हणजे टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलचे सव्वादोन लाख तुकडे केले तर त्यातील एक तुकडा. आणि त्याच भिंतीतून जाणारी २३० व्होल्टची वीज या एका भागाच्या सुमारे साडेतीन कोटी पट! सराफ रतीगुंजा तोलत बसला असता त्याच्या ओट्याला खेटून भरलेली मालमोटार जावी, तसा हा शेजार आहे. त्या मालमोटारीने काट्यात जी थरथर येते, तिला विद्युतशास्त्रात गोंगाट म्हणतात. काट्यावरील शेवटचा अंक विनाकारण नाचू लागला की तो गोंगाट समजावा.

मापनात गोंगाट विजेनेच आणला असे मात्र नाही. आपल्या उज्जयिनीची वेधशाळा याची साक्ष देईल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने ती बांधविली आणि ज्या माधवराव महाराज शिंदे यांचे नाव आमच्या माधव नगरास लाभले आहे, त्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. जयसिंहाने पितळेची लहान यंत्रे सोडून दगडचुन्याची भव्य यंत्रे बांधली, कारण पितळी यंत्रांचे आस झिजत व केंद्र ढळे. म्हणजे यंत्रातील खळबळ दूर व्हावी म्हणून त्याने यंत्र भूमीतच रोवले. तरीही एक खळबळ उरलीच. सूर्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे असल्यामुळे सम्राट यंत्राच्या छायेची कड रेषेसारखी न पडता सुमारे दोन मिनिटांच्या पट्ट्याएवढी पुसट पडते, आणि जाणता निरीक्षक त्या पुसट पट्ट्याचा मध्य धरतो. आजचा काटाही तेच करतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. एक हेलकावा २० सहस्रांश सेकंदाचा. काटा पूर्ण हेलकाव्यांची सरासरी घेतो, म्हणजे वरचा अर्धा व खालचा अर्धा परस्परांना छेद देतात व गोंगाट बराचसा विरतो.

हा गोंगाट तारेत तीन वाटांनी शिरतो. पहिली वाट शेजाराची: जवळच्या तारेतील दाबाचा परिणाम मधली हवा ओलांडून होतो. यावर उपाय तारेभोवती धातूच्या जाळीचे आवरण. जुन्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत, ते बाहेरच्यास कळू नये म्हणून. येथे बाहेरचे आत येऊ नये म्हणून रुमाल. दुसरी वाट चुंबकत्वाची: मोटरच्या तारेतील प्रवाहामुळे शेजारच्या तारेत प्रवाह उपजतो. यावर उपाय अंतर राखणे आणि जाणारी व येणारी तार वेणीप्रमाणे एकमेकींत पिळणे. एका पिळातील परिणाम पुढच्या पिळात उलटा होऊन फिटतो. तिसरी वाट सामाईक रस्त्याची, आणि आमचा घात तिने केला.

दोन भूमींचे भांडण

आमच्या कचेरीचा विजेचा मीटर वेगळा व गोदामाचा वेगळा. दोन्हीकडे अर्थिंगचे खड्डे निरनिराळे. आपण समजतो की जमीन एकच, तेव्हा दोन्ही खड्ड्यांचा दाब सारखाच असेल. तसे नसते. जमिनीलाही विरोध असतो, आणि तिच्यातून प्रवाह गेला की दोन ठिकाणांच्या दाबांत अंतर पडते. निरनिराळ्या उंचीवरील दोन हौद नळीने जोडले तर आपली इच्छा असो वा नसो, पाणी वाहणारच. काट्याचे लोखंडी अंग गोदामाच्या भूमीला जोडलेले, संगणकाचे अंग कचेरीच्या भूमीला जोडलेले, आणि त्या दोहोंमध्ये आमची आकडे नेणारी तार! ती नकळत नळी झाली होती. तंत्रज्ञ या फेऱ्याला 'ग्राउंड लूप' म्हणतात.

मिस्त्रीजींनी तार संगणकापासून सोडविली व तारेची भूमी आणि संगणकाचे अंग यांच्यामध्ये मीटर धरला. आवार शांत असताना अर्ध्या व्होल्टहूनही कमी. चाळणीची मोटर सुरू करताच आकडा चार-पाच व्होल्टांवर उडाला व हळूहळू उतरला. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, म्हणून ही उडी. परंतु मोटरचा प्रवाह भूमीत शिरतो कसा? मिस्त्रीजींनी गोदामाचा बोर्ड उघडला. पूर्वीच्या कोणा वायरमनने अर्थिंगची तार तुटलेली पाहून अर्थिंगची खूण व न्यूट्रल एका तुकड्याने जोडून टाकली होती आणि पुढे कोणी अर्थिंगची तारही नीट केली होती. न्यूट्रल हा विजेचा नित्याचा परतीचा रस्ता. अर्थिंग हा केवळ संकटकाळचा रस्ता. दोन्ही एक झाल्यामुळे मोटरच्या प्रवाहाचा काही भाग आमच्या आकड्यांच्या तारेवरून कचेरीच्या भूमीत परतत होता.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या बोर्डावर विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी पूर्वी होता. तो वारंवार पडतो, कामात खोळंबा होतो, म्हणून मीच तो काढावयास सांगितले होते. न्यूट्रल व अर्थ एक झाले आहेत हेच तो बिचारा दररोज सांगत होता. आम्ही सांगणाऱ्यालाच घालवून दिले.

आता आठ किलो नेमके कसे गेले? संगणकाच्या लिपीत प्रत्येक अंक 'आहे' किंवा 'नाही' अशा सात खुणांच्या रांगेने लिहितात. त्या लिपीत ८ व ० यांत एकाच खुणेचा फरक आहे. ९ व १ यांतही एकाच खुणेचा. दाबाची उडी नेमकी त्या खुणेच्या वेळी आली आणि ९८.६ चे ९०.६ झाले. आमची तार आरएस २३२ या जुन्या पद्धतीची होती. त्या पद्धतीत प्रत्येक खूण भूमीच्या तुलनेत मोजली जाते. भूमीच हलली तर खूण हलते. मूळ नियमात ही तार ५० फुटांपर्यंतच शिफारशीची होती. आमची ८० फुटांहून अधिक होती. शिवाय अंकासोबत पडताळ्याची एक जास्त खूण पाठविण्याची सोय यंत्रात असते. बसविणाऱ्याने ती बंद ठेवली होती. ती चालू असती तर एका खुणेचा बिघाड संगणकास तत्काळ कळला असता.

हुंडीची युक्ती

यावर एकाने झटपट उपाय सुचविला होता, तोही सांगतो, कारण तो अनेक ठिकाणी करतात आणि तो प्राणघातक आहे. संगणकाच्या प्लगमधील अर्थिंगची जाड पिन तोडावी, म्हणजे फेरा तुटेल व गोंगाट थांबेल! गोंगाट थांबेल हे खरे. परंतु यंत्रात कधी तार उघडी पडून त्याच्या लोखंडी अंगाला लागली, तर प्रवाहाला निघून जाण्यास वाट राहणार नाही व स्विच पडणार नाही. मग ते अंग २३० व्होल्टवर उभे राहील, आणि घामाने भिजलेला, अनवाणी हमाल पोते टेकविताना त्याच काट्यास हात लावील. आकड्याच्या शुद्धीसाठी माणसाचा जीव पणास लावणे आपल्या कोणत्याच शास्त्रात बसत नाही. अर्थिंगची पिन कधीही तोडू नये.

योग्य उपाय असा की दोन्हीकडची अर्थिंग शाबूत ठेवावी, पण मधल्या तारेतून वीज जाऊच देऊ नये. केवळ वार्ता जावी. व्यापाऱ्यास ही कल्पना नवी नाही. उज्जैनचा सराफ मुंबईवर हुंडी लिही, तेव्हा रोकड घाट उतरून जात नसे. जाई तो फक्त हुकूम. इकडची तिजोरी इकडे, तिकडची तिकडे. विजेच्या हुंडीला ऑप्टोकपलर म्हणतात. एका लहानशा काळ्या डबीत एका बाजूस बारीक दिवा व दुसऱ्या बाजूस प्रकाश ओळखणारा डोळा असतो. काट्याकडून खूण आली की दिवा लागतो, डोळा पाहतो आणि संगणकास तीच खूण कळवितो. दोहोंमध्ये तारेचा संबंध नाही. हजारो व्होल्टांचा फरकही तो आडपडदा सामान्यतः सोसतो. याला विलगता किंवा आयसोलेशन म्हणतात.

लांब अंतरासाठी याच्या जोडीस आरएस ४८५ ही पद्धत घेतात. ती १९८३ साली प्रमाणित झाली. तिच्यात खूण भूमीच्या तुलनेत न मोजता पिळलेल्या दोन तारांतील फरकाने मोजतात; दोन्ही तारांवर सारखाच गोंगाट चढला तर फरक तोच राहतो. कमी वेगाने ती सुमारे १,२०० मीटरपर्यंत चालते. आमच्याकडे हीच बसविली, विलगतेच्या डबीसह.

ही विद्या किती मोठ्या कामी येते ते पाहावयाचे तर पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळील खोडद गावी जावे. प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तेथे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभारला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. दूरच्या तारकाविश्वांतून येणाऱ्या लहरी आपल्या लोड सेलच्या आवाजाहूनही कितीतरी क्षीण. त्या मध्यवर्ती इमारतीतील संगणकांकडे आणल्या जातात काचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून इतक्या दूरच्या तबकड्यांच्या भूमी परस्परांशी भांडत नाहीत. आणि संगणक स्वतःच गोंगाट करतो, म्हणून आकडे जुळविणारी यंत्रणा धातूच्या आवरणाने वेढलेल्या खोलीत बंदिस्त ठेवली आहे. आमच्या गोदामातील बोटाएवढी डबी आणि खोडदचा काचतंतू यांच्यामागे तत्त्व एकच.

सभासदांसाठी काही सूचना

आमच्या येथे पुढीलप्रमाणे व्यवस्था केली. न्यूट्रल व अर्थ वेगळे केले, आरसीसीबी पुन्हा बसविला, विलग जोडणी घातली, अंकांच्या पडताळ्याची खूण चालू केली, आणि स्थिर आकडा लागोपाठ दोनदा सारखा आल्याखेरीज पावती छापू नये अशी तजवीज संगणकात केली. त्यानंतर आजवर वही व पावती यांत फरक पडलेला नाही. आपल्या उपयोगास पडतील असे नियम खाली देतो.

१. काटा, संगणक व छपाईचे यंत्र जवळजवळ असल्यास एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर चालवावे. मोटर व वेल्डिंग यांचा बोर्ड निराळा असावा.

२. काट्याची तार मोटरच्या तारेसोबत एका नळीतून नेऊ नये. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावी.

३. तारेवरील जाळीचे आवरण एकाच टोकास भूमीला जोडावे. दोन्ही टोकांस जोडले तर तोच फेरा पुन्हा तयार होतो.

४. नव्या काट्यांना यूएसबी जोडणी असते. तिच्यात काट्याची व संगणकाची भूमी थेट एक होते आणि तारही साधारण ५ मीटरपर्यंतच चालते. तेथेही विलगतेची डबी घ्यावी, किंवा बिनतारी जोडणी वापरावी.

५. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि खड्ड्याचा विरोध वाढतो. गव्हाचा हंगाम नेमका त्याच दिवसांत. फाल्गुनापासून खड्ड्यात नियमाने पाणी घालावे आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून अर्थ टेस्टरने मोजणी करवावी.

६. धर्मकाट्याच्या पाटावर वेल्डिंग करावयाचे झाल्यास परतीचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा व लोड सेलच्या तारा सोडवाव्या. अन्यथा प्रवाह लोड सेलमधून जाऊन ती निकामी होते.

७. पावसाळ्यात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच जोडण्या काढाव्यात. विलगतेची डबी पडलेली वीज थोपवीत नाही. त्यासाठी निराळे संरक्षक लागतात.

८. मोहोर केलेला काटा स्वतः उघडू नये. परंतु मोहोर काट्याला असते, आपल्या तारेला नव्हे, हे ध्यानात ठेवून दररोज सकाळी एक प्रमाणित वजन ठेवून काट्यावरचा आकडा व छापील आकडा ताडून पाहावा. मोटर चालू करून एकदा व बंद ठेवून एकदा.

९. काट्याचा आकडा शेतकऱ्यास दिसेल असा ठेवावा आणि हाताने लिहिण्याची वही बंद करू नये.

या सर्वांस आमचा जो खर्च आला तो एका ट्रॉली गव्हाच्या किमतीपेक्षा बराच कमी होता. ज्या सभासदांच्या येथे काटा संगणकाला जोडलेला आहे किंवा जोडावयाचा विचार आहे, त्यांनी आमच्या गोदामावर अवश्य यावे; जोडणी उघडून दाखविण्यात आनंदच वाटेल. मिस्त्रीजी आता थकले आहेत, परंतु त्यांनी पुतण्यास सर्व शिकविले आहे.

ज्या शेतकऱ्याने आठ किलोंचा प्रश्न विचारला होता, तो पुढील वर्षी पुन्हा माल घेऊन आला. त्याने नेहमीप्रमाणे प्रत्येक आकडा फळीवर खडूने मांडला. तोल संपल्यावर पावती फळीशेजारी धरून एकेक आकडा बोट ठेवून मिळविला, आणि मग खांद्यावरच्या पंचाने फळी पुसून टाकली.